भिकूअक्काची मोजणी

जळगावहून आलेली चेलना खिचडीच्या पातेल्याशी ताटकळली होती. पुरातून काढलेली वस्ती शाळेच्या त्याच वर्गात बसलेली, पण मागे कुणी राहिलं का हे कळल्याशिवाय एकही जण घास घ्यायला तयार नव्हता. शेजारी तलाठी किरणभाऊ वही उघडून भिकूअक्काला विचारत होते.

“अक्का, कुणाच्या घरी किती माणसं, हे तुम्हाला कसं पाठ?”

“लगीनना आवतन मीच देस, भाऊ. चूलबंद आवतन म्हंजे बठ्ठं घर जेवाले. मोजं नही त भात कसा पुरी?”

“शेवटचं घर?”

“हिलालना घर सात व्हतात. सून बाळंतीन व्हयनी, आठ लिखी ले.”

“झाले एकसष्ट. कोतवाल, वर्गात किती?”

“बासष्ट, भाऊसाहेब. तीनदा मोजले.”

“एक जास्त? पुरात माणूस वाढतो कसा?”

“मना हिसाब चुकस नही!”

“अक्का, तुमच्या घरी किती?”

“मी एकलीच.”

“मग स्वतःला धरलंत का?”

“आवतन देनारीले आवतन कोन देस, भाऊ?”

किरणभाऊंनी वही मिटली आणि खिडकीतून ओरडले, “होडी बांधा रे, शोध थांबवा! बठ्ठं गाव इथं शे!”

वर्गात एकच गलका उठला. चेलनानं पातेल्यावरचं झाकण काढलं.

“अक्का, आज तुम्हाला माझं चूलबंद आवतण. पहिलं ताट तुमचं.”

“मंग अक्षता दे ना आधी, पोरी. असं कोरडं आवतन मी कोनले देत नही!”