साड्यांचं कुंपण

हसाल तुम्ही, पण गिंडीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या बागेला साड्यांचं कुंपण होतं. भिंतीपलीकडेच जंगल. खिंडारातून हरणं यायची आणि माझ्या बायकोची, सुमनची, जास्वंद कळ्यांसकट फस्त करायची. गणपतीला एक फूल उरायचं नाही.

शेजारचे राव मामा, तंजावरकडचे मराठी, म्हणाले, "नेसलेली साडी न धुता बांधा. माणसाच्या वासाला हरीण बिचकतं. वास उडाला की दुसरी बांधायची."

सुमन भडकली. "माझ्या वासानं जनावरं पळतात म्हणायचं का?" पण बांधली. आणि हरणं खरंच यायची थांबली. मग दर आठवड्याला ती नेसलेली दुसरी साडी बांधायची.

पुढच्या वर्षी सुमन गेली. कुंपणाला मी हात लावला नाही. दोन महिन्यांनी सकाळी बघतो, तर साडीखालून मान घालून हरीण निवांत जास्वंद खातंय.

राव मामा त्यांच्या अंगणातून हळूच म्हणाले, "वास उडाला हो. तिनं नेसलेली, न धुतलेली एखादी आहे घरात?"

"एक आहे. कपाटात."

"मग बांधा की ती."

मी म्हटलं, "खाऊ दे हो मामा जास्वंद."