शाळेच्या बसचा डबा

आमच्या बेलवलीच्या दिनेशदादाला घाई भारी. ट्रकच्या इंजिनाचा कॉम्प्युटर दगा द्यायला लागला, तर याने उल्हासनगर कॅम्प दोनच्या जुन्या पार्टच्या बाजारातून शाळेच्या बसमधला कॉम्प्युटरचा जुना डबा स्वस्तात उचलला.

मेकॅनिक म्हणाला, "शेठ, तुमच्या डब्यातलं सॉफ्टवेअर यात टाकायला लागेल. संध्याकाळी या."

दादा म्हणाला, "कंपनी तीच, डबा तोच. लाव, नारळ फोड आणि चावी दे."

नारळ फुटला, ट्रकही सुरू झाला. पण चाळीसच्या वर जाईना. डबा अजून स्वतःला शाळेची बसच समजत होता. अंबरनाथ एमआयडीसीत रिक्षावाले हात दाखवून पुढे जायला लागले.

दुसऱ्या दिवशी दादा मुकाट्याने मेकॅनिककडे निघाला, तर वहिनी आधीच केबिनमध्ये बसलेली.

"तू कशाला?"

"मेकॅनिकला सांगायला, की बाकी सगळं टाक, चाळीस तेवढं राहू दे."