ताईनं केलेलं शूटिंग

आमच्या भाऊजींची गंमत आयका. बँकेतून रिटायर झाले अन् पुण्यात त्यायले गोल्फचा नाद लागला. पन वयानं चेंडू काही लांब जायेना. गोल्फच्या दुकानात मशीनवर स्विंग, म्हंजे काठी फिरवायची ढब, तपासली, तवा समजलं का काठीचा दांडा त्यायच्यासाठी लय कडक आहे. मंग मापानं हलका, लवचिक दांडा बसवून घेतला.

दिवाळीले ते अन् ताई आमच्या गावी रिठदले आले, काठीसकट. परत गेल्यावर दोस्तायसंग मॅच होती. त्यायच्या पुण्यातल्या गोल्फच्या कोचनं सांगतलं होतं, "फटक्याचा व्हिडिओ पाठवा, काय चुकतं ते बघतो." सोयाबीन काढलेल्या वावरात भाऊजी फटके मारत अन् ताई मोबाईलवर शूटिंग करे.

संध्याकाळी कोचचा फोन आला. "सर, व्हिडिओत नुसता तुमचा चेहरा आहे. काठी नाही, हात नाहीत. मी काय तपासू?"

भाऊजी ताईवर चिडले, "अवं, तोंड कायले घेतलं?"

ताई म्हणे, "चेंडू लांब गेला का तुमी लहान पोरावानी हासता. बँकेत होते तवा असे हासलेले मले आठवत नाही. मंग मी काठी काहून पाहू?"



दुसऱ्या दिवशी वावरात त्यायनं कोचसाठी माह्या हातात मोबाईल देला. "तू व्हिडिओत काठी अन् हात घे." मंग ताईकडं वळून हळूच म्हणे, "तू तुह्या मोबाईलवर कालच्यावानीच काढ."