अंदमानला जाण्याआधीचा खंड्या

अंदमानला पक्षी बघायला जाण्याआधी मी चिंचवडातच मार खाणार होतो, राव! दुर्बीण नवीन होती. हात बसावा म्हणून सुट्टीच्या दिवशी पवनेच्या काठावर जाऊन बसलो. पलीकडे बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक आजी तरातरा पाण्यातून माझ्याकडे आली.

"बायका बघतुयास व्हय रं?"

"नाही हो आजी, तो खंड्या बघतोय. अंदमानला पक्षी बघायला जायचंय, त्याचा सराव."

"आण हिकडं."

मी घाबरतच दुर्बीण दिली. तिनं ती डोळ्यांना लावली आणि एकदम ओरडली, "अगं बायांनो, मासा धरला की त्यानं!"

सगळ्या धुणं टाकून आल्या. प्रत्येकीनं खंड्या बघितला. शेवटी आजीनं दुर्बीण पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"तिकडं ह्याच्याहून देखणा दिसला, तर मला पत्र टाक."