माझा स्टार कुणी खाल्ला?

नाही, पण मी म्हणतो, मी सांगितलं होतं का? एक काम सांगितलं, ते कर, नाहीतर जमत नाही म्हण! मधल्यामधे माझं वाक्य बदलून पुढं पाठवायचं, हा कुठला न्याय?... माणसाबद्दल नाही हो बोलत, कॉम्प्युटरबद्दल बोलतोय. माणसाला निदान चार शब्द सुनावता तरी येतात!

तुम्हाला सांगतो, माझी आत्या. चाळीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स. आता डोळे गेले, पण जीभ शाबूत आणि आठवण माझ्यापेक्षा तल्लख. तिला पुस्तक लिहायचंय. लिहिता येत नाही, म्हणून बोलते. दोन वर्षं, रोज सकाळी, रेकॉर्डरसमोर बसून बोलली. दोनशे बारा फाइली! प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी डॉट वेव्ह. त्या सगळ्या मी माझ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, प्रकरणागणिक फोल्डर केले, फोल्डरच्या पोटात फोल्डर. आता एकेक उघडत कोण बसणार? मी आपली काळ्या पडद्यावर कमांड मारली : फाइंड, नाव काय, तर स्टार (ती चांदणीची खूण हो!) डॉट वेव्ह. स्टार म्हणजे काहीही. नाव काहीही असू दे, शेपूट डॉट वेव्ह असलं की आण! सोमवारी मारली, आल्या दोनशे बारा. छाती फुगली माझी. आणि त्या आनंदात आत्याचा रेकॉर्डर पुसून कोरा करून दिला.

मंगळवारी तिच्याकडे संपादक ऐकायला येणार. सकाळी मी तीच कमांड मारली. तीच हो! अक्षरन्अक्षर तेच, फक्त शेवटी 'पेन ड्राइव्हवर कॉपी कर' एवढं जोडलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते. म्हटलं, वा, मशीनला आज जोर आलाय! पेन ड्राइव्ह आत्याच्या हातात ठेवला, घरी येऊन बूट काढतोय तोच फोन.

"अरे, हे काय दिलंयस तू?"

"तुझं पुस्तक, आत्या."

"कसलं पुस्तक? अर्धा तास कुणीतरी घोरतंय! संपादक बिचारे मान डोलावत ऐकताहेत. म्हणतात, बाई, सुरुवात फार धीट आहे, पेशंटला कळा सोसवत नाहीयेत का?"

घोरणं! आता हे कुठून आलं? तर आमची बायको! अकरा वर्षं आमचा एकच वाद. ती म्हणते तू घोरतोस, मी म्हणतो पुरावा दे. दिला! रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो तर हिनं ते टिपलं, आणि सोमवारी संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर, मी रोज जिथून कमांड मारतो त्याच फोल्डरात, अगदी दारात, 'घोरणं डॉट वेव्ह' म्हणून ठेवून दिलं. मी सांगितलं होतं का?... बरं, पुरावा दे असं म्हटलं होतं, पण ती बोलायची पद्धत असते!

धावत जाऊन कमांड पुन्हा मारली. एक फाइल. घोरणं. पुन्हा मारली. घोरणं. बोटं आपटून मारली, तरी घोरणं! म्हणजे दोनशे बारा गेल्या? आणि रेकॉर्डर तर मीच पुसलेला! फोन अजून चालूच होता. आत्या म्हणाली, "हरवलं का रे सगळं? दोन वर्षं बोलले मी... आता पुन्हा तसं आठवेल असं नाही वाटत." रडली असती तर परवडलं असतं. ती हळू आवाजात बोलली.

बायको म्हणते, "फोल्डर उघडून बघितलास का?" मी म्हटलं, "तू मधे पडू नकोस!" तिनं माझ्या हाताखालचा माऊस ओढून घेतला आणि फोल्डर उघडला. सगळ्या जागच्या जागी! दोनशे बाराच्या दोनशे बारा! आधी मला रडू आलं, आणि मग असा संताप आला म्हणता! आहेत ना? मग शोध म्हटल्यावर सापडत का नाहीत?

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडम आहेत. आत्याला 'सगळं आहे' म्हणून फोन ठेवला आणि त्यांना लावला, स्पीकरवर. त्यांचा आवाज एकदम थंड, जग बुडालं तरी चढत नाही. "स्टारला अवतरणचिन्हं घातली होतीत?"

"नाही."

"मग तो फाइंडपर्यंत पोचलाच नाही. मधे शेल असतो. तुमची कमांड आधी तो वाचतो. स्टार दिसला की तुम्ही उभे आहात त्या फोल्डरात बघतो, जुळणारी फाइल दिसली की स्टार काढून तिचं नाव घालतो, मग पुढं देतो. फाइंडला निरोप गेला, घोरणं शोध. त्यानं शोधलं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी दारात जुळणारं काही नव्हतं. मग तो स्टार तसाच पुढं जाऊ देतो."

ऐकलंत? सापडलं तर बदलणार, नाही सापडलं तर सोडून देणार, आणि दोन्ही वेळा तोंडातून अवाक्षर नाही! आमच्याकडे असलाच एक हेडक्लार्क होता, साहेबांकडे जाणारे अर्ज वाटेत परस्पर सुधारायचा. त्याची निदान बदली तरी झाली! याची कुठं करू? मी सांगितलं होतं का याला सुधार म्हणून?

घातली अवतरणचिन्हं. दोन्ही बाजूंनी. म्हटलं, आता लाव हात! मोजल्या तर दोनशे तेरा. जास्त आली तर आली एक, कमी तर नाही ना? धावत नेऊन पेन ड्राइव्ह आत्याच्या हातात दिला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी फोन. "सगळं आलं रे, पहिल्या शब्दापासून. संपादक डोळे पुसत होते." मला इतकं बरं वाटलं! "फक्त जुळ्यांच्या प्रकरणानंतर तू परत घोरतोस. ते विचारताहेत, हे ठेवायचं का?"

मी तोंड उघडलं. म्हणणार होतो, मी सांगितलं होतं का?... पण सांगितलं होतं हो! स्टार म्हणजे काहीही. या वेळी मधे कुणी लुडबुड केली नाही, माझा शब्द जसाच्या तसा पोचला आणि त्या काहीहीत मीही आलो. मागं बायको उभी. तिच्याकडे न बघता म्हटलं, "बरं बाई. घोरतो मी."

ती म्हणाली, "अवतरणचिन्हं घालून लिहून दे. नाहीतर मधे कुणीतरी बदलेल."

दिलं लिहून.