घसा बसला तेव्हा

तुम्हाला हसू येईल, पण मध्यंतरी माझा घसा बसला म्हणून दहिवलीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासून त्या म्हणाल्या, "काका, चार दिवस अजिबात बोलायचं नाही."

मी म्हटलं, "बायको गेल्यापासून घरात बोलायला आहे कोण? आज तोंड उघडलं ते तुमच्याशीच."

त्या हसल्या नाहीत. चिठ्ठीवर गोळ्यांच्या यादीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. मला काही ते अक्षर लागलं नाही, म्हणून मेडिकलवाल्याला विचारलं, "हे काय रं लिहिलंय?"

"घसा सुटला की रोज अर्धा तास कुणाशी तरी बोलणे," त्याने वाचलं आणि काउंटरमागचं स्टूल पुढे सरकवलं. "बसा काका. चार दिवस मी बोलतो, तुमी ऐका."