महाराणीकडे गेलेले सहा आकडे

ताई, तुम्ही कधी स्वतःच्या सख्ख्या जावेला फोन करून, 'अहो, मी खरंच मीच आहे' असं पटवून दिलंय का? — नाही ना? मग हलू नका, स्टुलावर सरळ उभ्या राहा, टाचण्या आहेत. ड्रेस गुरुवारी द्यायचा होता आणि अजून नुसता टाचलेलाच आहे, म्हणून तुम्ही चिडलात — बरोबर आहे, मीही चिडले असते. पण कारण ऐकलंत तर हसाल. श्वास सोडा आधी. पोट आत ओढून माप देऊ नका, सगळ्यांनाच ती सवय, आणि मग घरी जाऊन सांगतात, शिवणारीनं घट्ट केला.

तर झालं काय, माझं शेत गेलं. खरं नाही हो, मोबाइलमधलं! आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही. तो खेळ असतो ना — नांगरायचं, पेरायचं, भोपळे काढायचे, गाईला चारा घालायचा. हसा, हसा. आमचे हेसुद्धा हसतात, म्हणतात, घरातल्या माणसाला चहा नाही आणि त्या गाईला तीन वेळा चारा. बरं, फोन माझा पडला वाफेच्या इस्त्रीच्या पाण्यात. नवा घेतला, खेळ घातला, तर तो विचारतो, नाव सांगा — सांगितलं, टाचणी. हो, टाचणीच, त्यात काय हसायचं? मग म्हणतो, पासवर्ड सांगा. आता चार वर्षांपूर्वी एकदा घातलेला पासवर्ड कुणाच्या लक्षात राहतो? मी वहीत काही लिहीत नाही, माझं सगळं डोक्यात असतं — म्हणजे असायचं. एवढं आठवत होतं की कुणाचं तरी माप घातलं होतं. मग ह्यांच्या गळ्याचं माप घालून पाहिलं, खांद्याचं घातलं, कमरेचं घातलं — कमरेचं तर दर वर्षी बदलतं, कुठल्या सालचं घालणार? पाच वेळा चुकलं आणि दार बंद. हात वर करा जरा. काखेत ओढतंय का? नाही? छान.

मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, काकू, सोडून द्या की, नवीन शेत काढा, दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचं! म्हटलं बाबा, शेत मिळेल रे, शेजार कुठून आणू? — आता तुम्ही विचाराल कसला शेजार. त्या खेळात शेजारी असतात, ताई. रोज सकाळी एकमेकांना काहीतरी पाठवायचं. मला तीन शेजारी. एकानं दोन वर्षं खेळ उघडलेला नाही. दुसरा कुणीतरी परका, नाव वाघ, आणि लावतो नुसता कोबी. आणि तिसरी महाराणी. महाराणी म्हणजे माझी मोठी जाऊ — नाव बघा, स्वतःच घेतलंय स्वतःला. राहते दोन गल्ल्या पलीकडे. बोलणं? बोलणं बंद आहे आमचं, चार वर्षं झाली. पण रोज सकाळी मी तिला बी पाठवते आणि ती मला शेणखत पाठवते. हो, शेणखतच! चार वर्षं बाई मला शेणखत घालतेय — पण एक दिवस चुकली नाही हं. म्हणजे चुकली एकदा, तीन दिवस काहीच नाही. माझा जीव वर-खाली. ह्यांना पाठवलं, सहज गेल्यासारखं करून बघून या म्हटलं, तर ताप होता तिला. कळलं ना आता? मला भोपळ्यांचं काही नाही. नव्या नावानं तिच्याकडे शेजार मागावा लागला असता, आणि ती नाही म्हणाली असती तर? मग ती जिवंत आहे की आजारी, हे कळायचं कसं? हे म्हणतात, दोन गल्ल्या तर आहेत, चालत जा. पुरुषांना सगळं चालत जाण्याएवढं सोपं वाटतं.

वळा. अजून थोडं. हं.

तर तो मोबाइलवाला डोकं खाजवून खाजवून एक वाट काढतो. म्हणतो, काकू, खेळ तुमच्या सर्वांत जुन्या शेजाऱ्याकडे सहा आकडे पाठवेल, ते दहा मिनिटांच्या आत त्यांच्याकडून विचारून इथे घालायचे. म्हटलं, वाघाकडे पाठव. म्हणे, आपल्या हातात नाही, खेळ ठरवतो. आणि मी काही बोलायच्या आत त्यानं बटण दाबलंसुद्धा! झालं, आकडे गेले महाराणीकडे, आणि इकडे घड्याळ उलटं पळायला लागलं.

चार मिनिटं तर मी फोन हातात धरून नुसती बसले. मग लावला. ती म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "जाऊबाई, मी बोलतेय. तुमच्याकडे एक नंबर आलाय का, सहा आकडी?" बघा, चार वर्षांनी तोंडातून निघालं काय तर हे. ती म्हणते कशी, "असे नंबर कुणाला सांगायचे नसतात. बँकवाले रोज बजावतात." म्हटलं, "अहो, मी आहे, धाकटी!" "आवाज तर कुणाचाही काढता येतो हल्ली. धाकटी असशील तर असं काहीतरी सांग, जे फक्त तिलाच ठाऊक आहे." आणि मागे कुकरची शिट्टी, आणि बाई अगदी निवांत. मला तर ऐकू येत होतं की ती हसतेय. मी तिच्या साखरपुड्याच्या चपलांचं सांगितलं, ती म्हणे ते सगळ्यांना माहिती आहे. सासूबाईंच्या चष्म्याचं सांगितलं, म्हणे तेही जगजाहीर आहे. मोबाइलवाला बोटं दाखवतोय, तीन मिनिटं उरली, तीन! आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं — "चिमणीचं माप मी घेतलंच नव्हतं."

चिमणी म्हणजे तिची मुलगी, माझी पुतणी. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नातला ड्रेस मी शिवला होता. फोटोसाठी तिनं हात वर केला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत शिवण उसवली, दोन्हीकडची माणसं समोर. जाऊबाई म्हणाल्या, "कुणी शिवलाय हा?" — माहीत असून हं! मग मीही म्हटलं, मुलगी लग्नाआधी अंगानं सुटली, त्याला मी काय करू. सगळ्यांसमोर. नवरीला. खरं म्हणजे ती शिकायला बाहेरगावी होती, मी म्हटलं होतं, कशाला येतेस मापाला, तुझं माप माझ्या डोक्यात आहे. त्याच्याही दोन वर्षं आधीचं होतं ते, आणि तेही चुकीचं आठवलेलं. पोरगी वाढली नव्हती हो, ड्रेसच दोन इंच कमी कापला गेला होता. आणि बिचारी सगळ्यांदेखत गप्प उभी राहिली, काकूचं नाव घेतलं नाही. — अशा बघू नका. तुमचं माप मी आत्ता समोर घेतलंय ना? टेप लावून? मग!

हं. तर मी ते बोलले आणि तिकडे शिट्टीसुद्धा थांबली. मग जाऊबाई म्हणतात, "ते मला चिमणीनं त्याच दिवशी सांगितलं होतं." म्हटलं, "मग चार वर्षं बोलला का नाहीत?" तर म्हणे, "तू सांगतेस का, ते बघत होते. तुला बराच वेळ लागला गं." आणि लगेच, तोच आवाज, तोच तोरा — "लिही. सात. शून्य. झालं लिहून? तू सावकाश लिहितेस. चार..." एकेक आकडा असा दिला, जसं देवघरातून काढून देतेय. शेवटचा घातला तेव्हा अकरा सेकंद उरले होते. शेत उघडलं. मोबाइलवाल्याला आनंद, मला मात्र काही दिसेना, चष्म्याला काहीतरी झालं होतं.

झालं, उतरा खाली, जपून — डावीकडे टाचणी आहे. बुधवारी या, नक्की देते, आता काही अडचण नाही. — काय? पुढे? पुढे काय असणार? फोन ठेवला तिनं, साधं 'ठेवते' पण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जाऊबाई दुकानात आल्या, त्या खुर्चीवर बसल्या आणि जेवणवेळेपर्यंत आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या.